अप्पारावांचं ‘परसों’

हैदराबादच्या नारायणगुड्यातल्या त्या ऑफिसात गौतम सोनकांबळेला किळस यायची ती एका चकचकीत खोक्याची. मालक अप्पारावांनी ते देवासारखं टेबलावर मांडलं होतं. आत होती ग्राफिक्सची लायब्ररी, म्हणजे पडद्यावर रेघा-वर्तुळं काढायचा तयार कोड. साल पंच्याण्णव. परदेशी मालाला दारं सताड उघडली होती आणि खोक्यावर बाहेरचा पत्ता दिसला की अप्पाराव अक्कल गहाण टाकायचे.

गौतमने बारा वर्षं शाईने नकाशे काढले होते, मग दिलसुखनगरच्या क्लासात प्रोग्रामिंग शिकला. नकाशातला एक नळ माउसने धरून सरकवला तर तेवढाच सरकावा, एवढं साधं मागणं. खोक्यातली लायब्ररी त्यासाठी अख्खा नकाशा पुसून पुन्हा काढायची. पाचशे नळ झाले की पडदा लुकलुकायचा, मशीन बसायचं. साध्या पाकिटात आलेली दुसरी लायब्ररी फक्त हललेला भाग नव्याने काढायची. गौतमने तसं लिहून दिलं. अप्पाराव त्या कागदावर चहाचा कप ठेवू लागले.

बुधवारी नांदेडहून नळयोजनेच्या इंजिनिअर पद्मावतीबाई नकाशांसाठी लायब्ररी विकत घ्यायला आल्या. खोकं बघून विचारलं, “याची तपासणी झालीय ना?”

“गौतमसाब परसों पूरा चेक करे, मॅडम. फिकर नक्को,” अप्पाराव म्हणाले.

तसं खोटं नव्हतं. हैदराबादेत परसों म्हणजे परवा, आणि पाच वर्षांपूर्वीसुद्धा. गौतमने तपासली होती दोन वर्षांपूर्वी, जुनी आवृत्ती, दहा रेघांवर. मागच्या दोन गिऱ्हाइकांपुढे याच शब्दावर त्याने ‘हौ’ म्हणून मान हलवली होती. आठवून त्याला स्वतःचीच शिसारी आली. आज मान हलली नाही तर मात्र नोकरी जाणार होती.

बाई त्याच्याकडे वळल्या. “तुम्ही आमच्याकडचेच दिसता. परवा म्हणजे सोमवारी तपासलंत?”

मराठीत विचारलं होतं, आणि मराठीत परवा म्हणजे परवाच. ‘हौ’ ओठांपर्यंत आलं आणि तिथेच आंबलं.

“नाही बाई. दोन वर्षं झाली. ही घेऊ नका, पाचशे नळांवर अडकते.”

बाईंनी फाइल मिटली आणि नमस्कार करून निघून गेल्या. अप्पाराव बराच वेळ खोक्यावरची धूळ पुसत बसले.

“इतनी अच्छी उर्दू आती तुमको,” ते शेवटी म्हणाले. “मराठी में कायकू बोले?”

गौतमने कप उचलून बाजूला ठेवला, आपला डागाळलेला कागद घेतला आणि चपला घातल्या.