पडद्याकडे पाठ

आमच्या वन्सं दर रविवारी सिनेमाला जातात, पहिल्या रांगेच्याही पुढे बसतात आणि पडद्याकडे पाठ करून बसतात. दुसऱ्या कुणी असं केलं तर त्याला वेड्यात काढतील. वन्संना मात्र त्यासाठी मानाने बोलावतात, कारण त्या पियानो वाजवतात.

झालं असं, की आमच्या चौकातल्या जुन्या थिएटरात रविवारी दुपारी मूकपट लावायला लागले. मूकपटात माणसं नुसती तोंड हलवतात, मग अक्षरांची पाटी येते आणि ती काय म्हणाली ते आपण वाचून घ्यायचं. पूर्वी अशा खेळांना पडद्यासमोर बसून कुणीतरी वाजवायचं, म्हणून याही लोकांनी अडगळीतला पियानो पुसून बाहेर काढला आणि वाजवणारं माणूस शोधायला लागले. वन्सं शाळेत गाण्याच्या बाई होत्या. नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या आणि सगळ्या गल्लीच्या चुका काढत हिंडत होत्या. त्यांना हे काम मिळालं तेव्हा त्यांच्यापेक्षा शेजाऱ्यांनाच जास्त आनंद झाला.

शाळेत असताना त्यांची एक सवय होती. पियानो असा लावायचा की तोंड मुलांकडे राहील. बोटांकडे त्या कधी बघायच्याच नाहीत, बघायच्या ते चेहऱ्यांकडे. अख्ख्या वर्गात कोण गातंय आणि कोण नुसतं तोंड हलवतंय हे त्यांना बरोबर कळायचं. वाजवता वाजवताच ओरडायच्या, "ए तिसरा बाक, घशात बोळा अडकलाय का?" आणि तिसऱ्या बाकाला लगेच कंठ फुटायचा.

थिएटरात पहिले काही महिने मजेत गेले आणि मग वन्संची मान गेली. डॉक्टरांनी गळ्यात पट्टा अडकवला आणि बजावलं, मान वर करायची नाही. आता पडदा तर डोक्यावर! पियानो मागे न्यायलाही जागा नाही. एका रविवारी त्यांनी हट्टाने मान वर केली, तर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि कपाळ धाडकन पियानोवर आपटलं. नशीब, तेव्हा सिनेमात दरोडा पडत होता. लोकांना वाटलं, काय वाजवलंय बाईंनी!

हे मॅनेजरना कळून चालणार नव्हतं. त्यांना सगळे पाठीमागे मख्ख म्हणतात. चेहऱ्यावरची रेघ हलत नाही त्यांच्या. पगार वाढवला तरी तेच तोंड, कामावरून काढलं तरी तेच. खेळ चालू असताना बाजूच्या दाराशी हाताची घडी घालून उभे राहतात, कुणी बोलतंय का, कुणी मोबाइल काढतंय का बघायला. त्यांच्याकडे वळून बघायची कुणाची छाती होत नाही. मालकांना पियानोऐवजी मशीनवरचं संगीत हवं होतं, नुसतं बटण दाबलं की झालं. मख्खांनी वन्संना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, "चूक झाली की बटण."

संध्याकाळी वन्सं माझ्याकडे आल्या. 'हे', म्हणजे माझे यजमान आणि वन्संचे थोरले भाऊ, जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी काय करत होते? काही नाही. पलंगावर बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते. स्वयंपाक एकवेळचा, तोही जमला तर. लोक यायचे, समजूत घालायचे, मी हो हो म्हणायचे, ते गेले की पुन्हा भिंत. खरं सांगते, जगण्यातली चवच गेली होती.

"वहिनी," वन्सं म्हणाल्या, "मला तुमचं तोंड पाहिजे."

"घेऊन जा," मी म्हटलं. "मला आता कशाला लागतंय?"

"तसं नाही हो. पियानो मी फिरवून घेते, लोकांकडे तोंड करून. तुम्ही तिसऱ्या रांगेत मधोमध बसायचं. पडद्यावर जे होईल ते तुमच्या तोंडावर दिसलं पाहिजे. मी त्यावरून वाजवीन. नाहीतर माझी नोकरी गेली म्हणून समजा आणि नोकरी गेली तर मी दिवसभर तुमच्याकडेच येऊन बसेन."

ही धमकी ऐकून मी पलंगावरून उठले.

माझा चेहरा बोलका आहे, हे लोक मला आयुष्यभर तक्रार म्हणून सांगत आले होते. सासूबाईंना तर मी गप्प बसले तरी उलट उत्तर दिल्यासारखं वाटायचं. आता तोच चेहरा कामाला आला. शिवाय आम्ही खुणा ठरवल्या. गालावर हात म्हणजे प्रेम. चष्मा काढला म्हणजे पळापळ. रुमाल डोळ्यांना लावला म्हणजे कुणीतरी मेलं, निदान मरायला टेकलं. वन्संनी मख्खांना पटवलं की पियानो फिरवला तर आवाज जास्त खुलतो, आणि गळ्यातला पट्टा झाकायला वरून स्कार्फ गुंडाळला. अंधारात पियानोच्या वर त्यांचं नुसतं डोकं दिसायचं, बरणीवर झाकण ठेवावं तसं.

पहिला रविवार पार पडला. दुसऱ्या रविवारी मात्र घोटाळा झाला. सिनेमात एक रंगारी होता, शिडी घेऊन घर रंगवायला निघालेला. तो शिडीवरून पडला, त्याचं डोकं बादलीत अडकलं आणि बादलीसकट तो एका लग्नात घुसला. मला इतकं हसू आलं, इतकं, की डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. कितीतरी महिन्यांनी हसत होते हो मी! काही दिसेना, म्हणून रुमाल काढला आणि डोळ्यांना लावला.

झालं! वन्संनी असा काही शोकसूर धरला की विचारू नका. तिकडे रंगारी बादली घालून नवरीबरोबर नाचतोय आणि इकडे पियानो त्याला खांदा देतोय. मी हातवारे करून थांबवायला गेले, पण हसू आवरेना, रुमाल सुटेना आणि वन्सं आणखीनच गहिवरून वाजवायला लागल्या. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. खेळ संपल्यावर मख्ख पुढे आले. म्हणाले, "लोक हसले म्हणून सोडतोय. पुन्हा झालं तर बटण."

घरी जाताना मला वाटलं, आता वन्सं माझी सालटी काढणार. पण त्या इतकंच म्हणाल्या, "पुढच्या रविवारी लवकर तयार व्हा."

आणि काय सांगू, त्यानंतर चूक म्हणून झाली नाही! जहाज बुडो, प्रेम जमो, पियानो बरोबर तसाच वाजायचा. मला तर शिंगं फुटली. मी आरशासमोर सराव करायला लागले. चांगल्या साड्या बाहेर काढल्या, चष्म्याची नवी फ्रेम घेतली. एकदा भाजीवाल्यासमोर 'मुलगा घर सोडून गेला' करून बघितलं, तर बिचाऱ्याने दोन लिंबं फुकट दिली. वन्संची नोकरी माझ्या तोंडावर चालली आहे, हे आठवलं की सकाळी उठायला बरं वाटायचं.

पण माझ्या शेजारच्या खुर्च्यांवर एक चष्मेवाले गृहस्थ सहकुटुंब बसायचे. त्यांनी जाऊन मख्खांकडे तक्रार केली. "या बाई सिनेमाभर वेडीवाकडी तोंडं करतात. गालावर हात काय ठेवतात, चष्मा काय काढतात! माझी बायको बरोबर असते हो साहेब, ती मला घरी जाऊन विचारते."

मख्खांनी एक खेळ माझ्या पाठीमागे उभं राहून काढला आणि सगळं ओळखलं. खेळ संपल्यावर दोघींना ऑफिसात बोलावलं. वन्संनी निमूटपणे स्कार्फ सोडून पट्टा दाखवला.

"म्हणजे तुम्ही पडदा बघतच नाही?" मख्खांनी विचारलं.

"नाही," वन्सं म्हणाल्या. "पण वाजवते बरोबर."

"या वाजवतात, तुम्ही नाही." मख्खांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "पुढच्या रविवारी नवी प्रिंट येतेय, इथं कुणीच बघितलेली नाही. या बाई मला खाली दिसता कामा नयेत, बाल्कनीत बसू देत. ती खुर्ची रिकामी राहील. बरोबर वाजलं तर पियानो राहील. नाही वाजलं तर सोमवारपासून मशीन."

मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात वन्संनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "रिकामी कशाला ठेवता? तुम्हीच बसा ना तिथे. दुसरं कुणी खुणा करत नाही ना, तेही दिसेल तुम्हाला."

मख्खांना ते पटलं. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. बाहेर पडल्या पडल्या मी म्हटलं, "डोकं फिरलंय का तुमचं, वन्सं? रिकामी खुर्ची परवडली! त्या दगडाच्या तोंडावरून काय कळणार आहे?"

"बघू," वन्सं म्हणाल्या आणि आठवडाभर गुणगुणत हिंडल्या. इकडे मला अन्न गोड लागेना. माझ्या तोंडामुळे त्यांची नोकरी जाणार होती. शाळा सुटल्यापासून त्या पियानोशिवाय त्यांच्याकडे दुसरं होतं काय?

रविवारी मी बाल्कनीत जाऊन बसले. खाली तिसऱ्या रांगेत मख्खांचं टक्कल दिसत होतं, स्थिर, पेपरवेट ठेवावा तसं. दिवे गेले. सिनेमात एक दीपगृहाचा रखवालदार होता आणि त्याची एकुलती एक मुलगी. ती बापाशी भांडून होडीत बसून निघून जाते. बाप रागाने दार लावून घेतो. मी जीव मुठीत धरून ऐकत होते. दार आपटलं तसा पियानोही आपटला. बरोबर! मग बाप एकटाच जेवायला बसला आणि सवयीने त्याने दोन ताटल्या मांडल्या. पियानो इतका हळू झाला की मला माझाच श्वास ऐकू यायला लागला. तेही बरोबर! वादळ आलं, मुलीची होडी भरकटली, म्हातारा धापा टाकत जिने चढून दिवा लावायला गेला आणि पियानो त्याच्याबरोबर एकेक पायरी चढला. मला काही कळेना. आज माझा चेहरा कुणीच वाचत नव्हतं आणि तरी मी रडत होते, हसत होते. दोन ताटल्या बघून तर मला 'ह्यां'ची इतकी आठवण आली की मी तोंडात पदर कोंबला.

दिवे लागले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी धावत खाली आले. मख्ख पियानोपाशी उभे होते. तोंड होतं तसंच, फक्त नाक लालभडक झालं होतं आणि शर्टाच्या दोन्ही बाह्या ओल्या होत्या.

"कमाल आहे," ते म्हणाले. "मी तर काहीच केलं नाही. हाताची घडी घालून बसलो होतो."

"हो ना," वन्सं म्हणाल्या.

"पियानो राहू दे मग." ते जायला निघाले आणि पुन्हा वळले. "मी त्या खुर्चीवरूनच लक्ष ठेवत जाईन. दाराशी उभं राहून पाय दुखतात."

रस्त्यावर आल्यावर मी वन्संचा दंडच धरला. "बऱ्या बोलाने सांगा, तुम्हाला कसं ठाऊक होतं?"

"अहो, अंधारात सगळे पडद्याकडे बघतात. माणसांकडे बघणारी तिथे मी एकटीच. तो माणूस दाराशी उभा राहून दर रविवारी लहान मुलासारखा रडतो. हसतो तर असा की दाराची कडी वाजते. दिवे लागायच्या आत तोंड पुसून तयार."

"म्हणजे तुम्ही..."

"तुमच्या तोंडावर पहिल्या रविवारी वाजवलं. दुसऱ्या रविवारी तुमचा तो रुमाल निघाला. त्यानंतर कुठली हिंमत होतेय माझी? तेव्हापासून मी त्याच्यावरच वाजवतेय."

मी रस्त्यातच उभी राहिले. राग असा आला, असा आला! आरशापुढचा सराव, भाजीवाल्याची लिंबं, चष्मेवाल्याच्या बायकोची नजर, सगळं डोळ्यांपुढून गेलं. "मग दर रविवारी मला कशाला फरफटत नेत होतात?"

वन्संना मान वळवता येत नाही, म्हणून सगळ्याच माझ्याकडे वळल्या.

"भिंतीकडे बघत बसायचात तुम्ही, वहिनी," त्या म्हणाल्या. "दादा तर गेलाच. तुम्हीही चालला होतात. मला ते बघवत नव्हतं."

मी रुमाल काढला, तर त्या म्हणाल्या, "आता हे हसू आहे की रडू, ते आधी सांगा."

पुढच्या रविवारी मी पुन्हा तिसऱ्या रांगेत जाऊन बसले, मख्खांच्या शेजारी. चष्मेवाले कुटुंबासकट पाचव्या रांगेत गेले होते. सिनेमात एक आई आपल्या लेकराला स्टेशनवर निरोप देत होती आणि मख्ख बाहीने डोळे पुसत होते. मी माझा रुमाल पुढे केला. त्यांनी माझ्याकडे न बघता तो घेतला. पियानोवर वन्संचे सूर अगदी काळजाला हात घालत होते. मी चष्मा काढला, वन्संकडे बघितलं आणि चांगली लांब जीभ काढून दाखवली.

पियानोचा एक सूर घसरला. मख्खांनी नाक पुसत माझ्याकडे संशयाने बघितलं. मी चष्मा घालून पडद्याकडे बघत बसले.