सांडूने न मारलेला टोला

सांडू पुंजाजीने पस्तीस वर्षे वाळू सारखी केली. त्याच्या नोकरीचं याहून वेगळं वर्णन मला करता येत नाही.

औरंगाबादच्या छावणीत गोल्फचं एक मैदान होतं, नऊ होलचं. पाण्याची कायम ओढ, त्यामुळे होलभोवती हिरवळ राखणं परवडत नसे. त्याऐवजी दहा-बारा पावलांचं गोल रिंगण, त्यात बारीक वाळू, आणि ती उडू नये म्हणून तिच्यात मोटारीचं जळकं तेल कालवलेलं. रंगावरून सगळे त्याला ब्राऊन म्हणत. त्यावरून चेंडू गेला की बोटाने ओढल्यासारखी रेघ उमटे. खेळणारे पुढे सरकले की सांडू गोणपाट गुंडाळलेली फळी घेऊन यायचा आणि रेघा, बुटांचे ठसे, सगळं पुसून टाकायचा. नऊ ब्राऊन, सकाळी आणि संध्याकाळी.

पोलीस ॲक्शन झाल्यावर वर्षभरात तो अजिंठ्याकडच्या एका खेड्यातून इथं आला. अंगाने काटक, बोलायला कमी. मी आलो त्याच्यानंतर दहा वर्षांनी. आमची नाटक कंपनी मोडली, मी एका कचेरीत कारकून झालो आणि एका समारंभात चार पदं गायलो. ती एका कर्नलसाहेबांना आवडली. त्यांनी आपल्या जुन्या काठ्या मला दिल्या आणि रविवारी मैदानावर न्यायला सुरुवात केली. मी एकेकाळी राजाची कामं करायचो हे सांडूला कुणीतरी सांगितलं असावं. कॅनव्हासचे ठिगळलेले बूट घालून मी उन्हात उभा असे आणि हा मला हाक मारी, "राजे, जरा बाजूला व्हा, फळी फिरवायचीय."

आता या खेळातली एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. चेंडू होलाच्या अगदी जवळ येऊन थांबला, हातभर, दीड हातावर, की समोरचा गडी म्हणतो, "दिला." म्हणजे हा शेवटचा टोला तू मारलास आणि चेंडू पडला असं मी धरतो; उचल. मग तो न मारताच चेंडू उचलतो. मोठ्या सामन्यांत काय होत असेल ते असो. आमच्या रविवारच्या खेळात ही साधी माणुसकी होती. वेळ वाचतो, मित्राची फजिती टळते. माझा 'दिला' रंगमंचावरचा असे, हात पसरून, खर्जातला. आमचे आप्पासाहेब त्याहून उदार. गारखेड्याकडची त्यांची शेती तेव्हा नुकतीच प्लॉटांत गेली होती आणि माणूस मोकळा झाला होता. ते नुसतं म्हणून थांबत नसत. काठी पुढे करून समोरच्याचा चेंडू त्याच्याकडे टोलवून देत, म्हणजे त्याला वाकायलाही नको.

सांडूला मात्र रेघेवरून सगळं कळे. पडलेल्या चेंडूची रेघ होलाच्या काठात जाऊन संपते. दिलेल्या चेंडूची रेघ अलीकडेच थांबते आणि तिथे बोटांचे ठसे असतात. "आज साहेबलोकांनी लई दानधर्म केला, राजे," असं तो फळी फिरवता फिरवता म्हणायचा.

सोमवारी मैदान बंद असे आणि नोकरमंडळी खेळत. बासष्ट साली बदली होऊन निघालेल्या एका साहेबाने त्यांच्यासाठी एक पितळी कप ठेवला. शेवटच्या सामन्यात सांडू आणि बन्सी समोरासमोर आले. बन्सी साहेबांच्या काठ्यांची पिशवी वाहायचा. उंच, तोंडाळ, सांडूचा जिवाभावाचा दोस्त. आठ होल झाले तरी दोघे बरोबरीत. नवव्या ब्राऊनवर बन्सीचा एक टोला वाया गेला. सांडूचा चेंडू होलापासून दीड हातावर. पडला तर कप त्याचा. सांडू वाकला, आणि बन्सी म्हणाला, "दिला रे सांड्या. उचल."

सांडूने उचलला. कप त्याच्या खोलीत गेला.

त्यानंतर बावीस वर्षे बन्सीने त्याला सोडलं नाही. चहाच्या टपरीवर चार माणसं जमली की सुरू.

"काय सांड्या, दिवाळीला माझा कप घासला का?"

"घासला."

"नीट घास. चिंच लाव. मी तुझ्याकडं ठेवायला दिलाय, इसरू नको."

सगळे हसत, सांडूही हसे. दोन बशा चहा मागवून एक बन्सीपुढे सरकवी. मला वाटे, मुरलेली थट्टा आहे.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत बन्सी गेला. छातीत कळ आली आणि संपलं. सुतक फिटल्यावर सांडू कप पिशवीत घालून बन्सीच्या बायकोकडे, सारजाबाईकडे गेला. मला हे त्यानेच नंतर सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, हा घ्या. बन्स्या म्हणायचा त्याचाय."

सारजाबाई सुपात ज्वारी पाखडत होती. तिने वर पाहिलं नाही.

"मला काय करायचाय? तुम्ही जितला, तुम्ही ठिवा."

"त्यानं दिला म्हून जितलो."

"मंग त्यांनी काय उगं दिला व्हय? ते घरी येऊन सांगायचे, सांडूचा हात लटलट हालत व्हता. मारला असता तर हुकलाच असता. चार लोकांत दोस्ताचं हसं नको म्हून दिला."

सांडू पिशवी घेऊन परत आला.

मार्च सरत आला तेव्हा त्याची नोकरी संपली. थोरला मुलगा कन्नडच्या साखर कारखान्यात होता, तो सोमवारी न्यायला येणार होता. शनिवारी सांडू माझ्या घरी आला, पायरीवरच बसला. पाणी प्यायला आणि पेला उपडा ठेवला. त्या दिवसांत तो कशानेही दमायचा.

"राजे, उद्या मला खेळायचंय. तुमच्यासंगं."

"खेळू की. सेक्रेटरीसाहेबांना मी सांगतो. निरोपाचा खेळ म्हणू."

"निरोप-बिरोप नको. मला नववा होल खेळायचाय. तो टोला मारायचाय." मग त्याने सारजाबाईचं बोलणं सांगितलं.

मी म्हणालो, "सांडूभाऊ, त्यात काय? तुमचंच मैदान. रोज संध्याकाळी तिथंच असता. दीड हातावर चेंडू ठेवायचा आणि मारायचा."

"मारलाय. शंभरदा मारलाय. धाच्या धा पडत्यात." तो पायरीकडे बघत होता. "एकट्यानं मारला तर हात हालत नाय, राजे. खेळून दमून तिथं यावं लागतं. समोर कुणी उभं पाहिजे. आणि एक सांगू? बन्स्यानं दिला म्हणेस्तोवर मी थांबलोच नव्हतो. त्याच्या तोंडातून निम्मा शबूद निघाला आन् मी चेंडू उचलला बी. लई सुटल्यावानी वाटलं."

बावीस वर्षे तो कशावर हसत होता ते मला तेव्हा कळलं.

"तुम्ही 'दिला' म्हणायचं नाय," तो उठताना म्हणाला. "तेवढं वचन द्या."

मी नट माणूस. वचन देताना माझा हात आपोआप छातीवर जातो. तो गेला. रविवारी आप्पासाहेब बरोबर असायचेच, त्यांनाही मी बजावून ठेवलं. "छे छे, तोंडातून शब्द काढणार नाही," ते म्हणाले.

रविवारी उन्हं कलल्यावर आम्ही तिघे निघालो. नऊच्या नऊ खेळायचे असं सांडूने ठरवलं होतं. चौथ्या होलनंतर त्याला धाप लागली. सहाव्यापाशी तो लिंबाखाली बसला आणि बूट काढून पाय दाबत राहिला. माझे गुडघेही बोलू लागले होते. आप्पासाहेबांनी पाण्याची सुरई पुढे केली.

"सांडूबा, बास करू का? उरलेले मनातल्या मनात खेळू."

"मनातल्या मनात लई झालं, आप्पासाहेब," सांडू म्हणाला आणि बूट चढवले.

नवव्या ब्राऊनवर आलो तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. त्या दुपारी शेवटची फळी सांडूनेच फिरवली होती. वाळू अशी सपाट की पाय ठेवायला जीव होईना. माझा आणि आप्पासाहेबांचा चेंडू कुठे होता ते आता आठवत नाही. सांडूने लांबून हलकेच मारला. चेंडू वाळूवर रेघ ओढत आला आणि थांबला. दीड हात. वीतभर इकडेतिकडे असेल, पण दीड हातच.

सांडू वाकला. काठीचं टोक चेंडूमागे आलं आणि थरथरू लागलं. तो सरळ झाला, तळवा पँटला पुसला, पुन्हा वाकला. पुन्हा तेच. कपाळावरून घाम निघून नाकाच्या शेंड्यावर आला. मी ओठ दातांत धरले होते. विंगेत उभं राहून समोरच्याचं वाक्य अडलेलं पाहणं आणि ते न पुरवणं किती जड जातं, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. तो तिसऱ्यांदा वाकला.

आप्पासाहेब होलापलीकडे उभे होते. त्यांनी वचन पाळलं. तोंडातून शब्द काढला नाही. फक्त काठी पुढे केली आणि टक करून सांडूचा चेंडू त्याच्या पायाशी टोलवला.

टोलवल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. काठी हातातून गळाली. "अरे देवा. सांडूबा, मी नाही हो... हे हातानं केलं. तीस वर्षांची सवय."

सांडू ब्राऊनच्या कडेला मटकन खाली बसला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता दमलेला दिसत होता, दिवसभर रांगेत उभं राहून खिडकी बंद झाली की माणूस दिसतो तसा.

"जाऊ द्या," तो म्हणाला. "तुमचा जीव कनवाळू. बन्स्याचा बी व्हता."

चेंडू पुन्हा जागेवर ठेवायचा तर तिथे रेघा, ठसे, आप्पासाहेबांच्या काठीचा ओरखडा. मी जाऊन फळी उचलली. इतकी वर्षे पाहिली होती, हातात कधी घेतली नव्हती. भलतीच जड. मी ती ओढू लागलो आणि वाळूचे ढीग होऊ लागले.

"राजे, काय करताय?"

"सारखं करतोय."

"नांगरताय! आतून बाहेर, गोल. दाबू नका. गादीवरनं हात फिरवावा तसं." तो बसल्या जागेवरून सांगत राहिला. आप्पासाहेबांनी फळीचं दुसरं टोक धरलं. दोन म्हातारे सभासद एकमेकांच्या पायात अडखळत वाळू ओढतायत हे पाहून सांडूला हसू आलं. "एका ब्राऊनला एवढा येळ? नऊ ब्राऊनला अख्खा दिस पुरायचा नाय तुम्हाला."

जमेल तसं सारखं केलं. सांडूने दीड हात स्वतः मोजला, कोपरापासून, मग अर्धा. चेंडू ठेवला. आप्पासाहेबांनी आपली काठी माझ्याकडे दिली आणि दोन्ही हात पाठीमागे धरले.

सांडू वाकला. हात हलत होता. तो थांबायची वाट पाहिली नाही त्याने. हलत्या हातानेच मारला.

चेंडू नीट निघाला. होलाच्या डाव्या काठाला लागला, काठावर फिरला, आणि चार बोटं पुढे जाऊन थांबला.

लांबून संध्याकाळच्या बिगुलाचा आवाज आला. सांडू त्या रेघेकडे बघत राहिला. होलाला वळसा घालून गेलेली रेघ, कोयत्याच्या पात्यासारखी.

"हुकला," तो म्हणाला. जरा वेळाने, "बन्स्या बरोबर बोलला व्हता."

चार बोटांवरचा चेंडू. तेवढा तर आंधळाही देईल. मी आप्पासाहेबांकडे पाहिलं, त्यांनी डोळे मिटून घेतले होते. सांडूने पाऊल पुढे टाकलं आणि तोही मारला. होलातल्या डब्यात चेंडू पडल्याचा पत्र्याचा आवाज झाला. मग गुडघ्यावर हात ठेवून वाकून त्याने तो बाहेर काढला, खिशात टाकला.

मी फळीकडे वळलो.

"राहू द्या, राजे. सकाळी नवा माणूस येईल. तो पुसंल."

पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ब्राऊन तसंच ठेवून तो निघाला.

सोमवारी मी बसस्टँडवर गेलो. कन्नडची गाडी लागली होती. मुलगा टपावर ट्रंक चढवत होता. सांडूला खिडकीजवळची जागा मिळाली होती. मांडीवर फक्त एक टॉवेल. मी खिडकीशी जाऊन विचारलं, "कप नेताय ना?"

"सकाळी सारजावहिनीला देऊन आलो."

"घेतला?"

"नगं म्हणल्या आधी. मंग मी म्हणलं, वहिनी, काल मारला. हुकला." त्याने टॉवेल डोक्याशी घेतला, खिडकीच्या गजाला टेकवला. "मंग घेतला. आत जाऊन चहा ठेवला त्यांनी."

मला आणखी काही बोलायचं होतं. मी एक छानसं वाक्य जुळवत होतो, निरोपाचं. ड्रायव्हर यायला उशीर झाला. तेवढ्यात पाहिलं तर सांडूची मान टॉवेलवर कलली होती, तोंड किंचित उघडं. गाडी हलायच्या आधीच त्याला गाढ झोप लागली होती.