अज्जांची स्वप्नं आणि माझं अक्षर

मला तिथं आवडायचं, हे आधी सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणेल, बिचारा अडकला होता. अडकलो नव्हतो.

शहराच्या टोकाला, महादेवपुऱ्याच्या काचेच्या इमारती संपल्यावर बस आणखी पाऊण तास जाते आणि एका तळ्याशी थांबते. तिथल्या ग्रामपंचायतीत मी सहा वर्षं कारकून होतो. जे. पी. नगरहून पहाटे निघायचो, दोन बस बदलायचो, आणि अर्धवट झोपेतच तळ्याशी उतरायचो. पाण्यावर धुकं असायचं. पलीकडची सगळी घरं एकाच फिक्या निळ्या रंगाची. पांढरी लुगडी नेसलेल्या बायका ओळीनं पाण्याला जात, लग्नाच्या क्रमानं. थोरली पुढं, धाकटी शेवटी. घागरीला घागर लागल्याचाही आवाज नाही. मला वाटायचं, आपण बसमध्येच आहोत आणि हे सगळं खिडकीला डोकं टेकून दिसतंय.

गाव एका पंथाचं होतं. ज्या पुरुषाच्या घरात तीन चुली पेटत नाहीत त्याला मोक्ष नाही, असं ते मानत. तीन चुली म्हणजे तीन बायका. पंचायतीत सगळे सदस्य त्यांचेच, बिनविरोध निवडून आलेले. बाहेरच्या कुणी अर्ज भरलाच तर त्याच्या नळाचं पाणी हळूहळू बारीक होई, आणि तो घर विकून जाई. पंथाचे प्रमुख तेच पंचायतीचे अध्यक्ष. सगळे त्यांना अज्जा म्हणत, म्हणजे आजोबा. आवाज इतका मऊ, की ऐकायला पुढं वाकावं लागे.

अज्जांना स्वप्नं पडत आणि पंचायत त्यावर चाले. सकाळी ते माझ्यासमोर बसत, कॉफीचा पेला दोन्ही तळव्यांत धरत आणि डोळे मिटून सांगत, "एक पांढरी गाय शाळेच्या दारापर्यंत आली. मागं फिरली." मी कानडीत ठराव लिहायचो, की सभेत सविस्तर चर्चा होऊन शाळेचे पुढचे वर्ग तूर्त सुरू न करण्याचं ठरलं. सभा झालेलीच नसे. अज्जा वाचून म्हणत, "सरी, बरोबर. अगदी असंच दिसलं होतं." माझं अक्षर चांगलं आहे. गाईतून ठराव काढायची हातोटी बसली, तिचा मला अभिमानही वाटायचा.

कुटुंबांची वहीही माझ्याकडेच होती. तिच्यात नात्याचा रकाना असतो. पहिली बायको पत्नी. बाकीच्यांना कायद्यात जागा नाही. अज्जांनीच तोड सुचवली. "धाकट्या थोरलीला अक्का म्हणतात. मग त्या तिच्या कोण झाल्या? तंगी." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. "यात खोटं काय?" मी लिहिलं, पत्नीची बहीण, अविवाहित. आणि अविवाहित बहिणीला मुलं कशी असतील? म्हणून सगळी मुलं थोरलीच्या नावावर. बाळंतपणं घरीच होत. दाखले माझ्या वहीवरून निघत.

एका गुरुवारी दुपारी मी फोनवर माझ्या अक्काशी, थोरल्या बहिणीशी बोलत होतो. फोन ठेवला तर खिडकीशी एक बाई उभी.

"अण्णा, तुम्ही मराठी?"

"घरात मराठीच. कितीतरी पिढ्या इथंच गेल्या. तुम्ही?"

"आईकडं होती. इथं कानडीशिवाय बोलायची बंदी आहे. मी शेळीशी बोलते."

"तिला कळतं?"

"तुमच्या पंचायतीपेक्षा बरं कळतं."

मी हसलो. ती हसली नाही. तळ्याकाठच्या घरातली ती तिसरी. तिची मुलगी अकरा वर्षांची होती, आणि दोन-तीन वर्षांत मुलीलाही कुणाच्या तरी ओळीत शेवटी उभं करणार, हे तिला माहीत होतं. शहरात मल्लेश्वरमला मामी होती. मुलीला घेऊन तिकडं जायचं, शाळेत घालायचं.

"पण कागदावर मी तिची कुणीच नाही. चिक्कम्मा. मावशी. कानडीत तंगी म्हणजे बहीण, आणि मराठीत टंचाई. तुम्ही दोन्ही बरोबर लिहिलंत, अण्णा." मग खिडकीचा गज धरून म्हणाली, "ते बदला. मला तिची आई लिहा. एवढंच."

"सोमवारी या," मी म्हणालो.

वही टेबलावरच होती. एक ओळ खोडायची, वर खरं लिहायचं, बाजूला सही करायची, दोन मिनिटांचं काम. सोमवारी का म्हणालो? कारकुनाच्या तोंडात तो शब्द असतोच, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत आलो.

शुक्रवारी अज्जांनी विचारलं, "काय विशेष?" ते रोजच विचारत. मी सांगितलं. वाईट हेतूनं नव्हे. पाऊसपाणी सांगावं तसं. तळ्याकाठच्या घरातली धाकटी आली होती, मुलीला घेऊन मामीकडं जायचं म्हणते. अज्जा पेल्यात बघत म्हणाले, "आज साखर स्वल्प कमी आहे."

शनिवारी त्यांनी डोळे मिटले. "एक वासरू गाईपासून सुटलं. दूरच्या गोठ्यात शिरलं. तिथं फार उजेड होता."

माझा हात थांबला. ते वासरू माझ्या ओळखीचं होतं. मग मागची स्वप्नं एकेक आठवत गेली. कोण निवडणुकीचा अर्ज मागून गेलं, कुठल्या मास्तरांनी वरचे वर्ग हवेत म्हणून पत्र दिलं, हे सगळं आदल्या दिवशी कॉफीबरोबर मीच सांगितलेलं होतं. सहा वर्षं मी स्वप्नं उतरवून घेत नव्हतो, पुरवत होतो.

तरीही लिहिलं. सदर मुलीस शिक्षणासाठी पंथाच्या दुसऱ्या वसाहतीत पाठवण्यास पंचायतीची हरकत नाही. अक्षर नेहमीसारखंच आलं, जरासुद्धा हललं नाही. रविवारी मुलीला जीपमधून नेलं.

सोमवारी मुलीची आई आली. "सोमवार झाला, अण्णा," एवढंच म्हणाली, आणि तशीच बसथांब्याकडं चालत गेली. पुन्हा त्या निळ्या घरात गेली नाही.

घरी अक्का दोसे घालत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिनं गॅस बंद केला.

"बाबांसारखं अक्षर म्हणून मीच तुला डोक्यावर चढवलं. कागद आण. काय केलंस ते त्याच अक्षरात लिही."

"नोकरी जाईल."

"मुलगी गेली ना तिची?"

मी लिहिलं, सही केली आणि कागद मुलीच्या आईला नेऊन दिला. नोकरी गेली. मुलीची आई तेव्हापासून मल्लेश्वरमला मामीकडं राहते. त्या कागदाच्या जोरावर तिनं अर्ज केला आणि सात महिन्यांनी एका सरकारी समितीनं मुलीला बोलावून घेतलं. आई कोण हे ठरवायला रक्ताची तपासणी व्हायची होती; तोवर मुलगी कुणाकडं राहणार, हे त्या दिवशी ठरायचं होतं. मी साक्षीदार म्हणून बाकावर बसलो होतो. अज्जाही आले होते, डोळे मिटून.

मुलगी पांढऱ्या कपड्यांत आली. समितीच्या बाईंनी कानडीत विचारलं, "या कोण तुझ्या?"

"चिक्कम्मा," मुलगी म्हणाली. मी लिहिलं होतं तेच, तसंच.

आईनं मान खाली घातली. खोलीत काही क्षण तळ्याकाठची पहाट पसरली, तीच शांतता, जी मला इतकी वर्षं आवडत आली होती. मग मुलगी दोन पावलं पुढं आली आणि अगदी हळू, मराठीत म्हणाली,

"शेळीशी आता कोण बोलतं गं, आई?"

त्या शेळीपाशी आणखी कुणीतरी बसून ऐकत असे, हे मला ठाऊक नव्हतं.

समितीच्या बाईंनी सगळ्यांकडं पाहिलं. "काय म्हणाली ती? कुणाला ही भाषा येते का?"

अज्जांनी डोळे उघडले. मी उभा राहिलो. मुलगी जे म्हणाली ते शब्दाला शब्द कानडीत सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, आणि तपासणी होईपर्यंत मुलीला मल्लेश्वरमला पाठवलं.

जिना उतरताना मुलीचा हात आईच्या हातात होता. आई माझ्याकडं न बघता पुढं गेली. थांबा, असं मला म्हणता आलं नाही.