कानाझावाचा पत्ता

दिवाळी सरली की शेजारचे चाचा अंगणातल्या चिकूजवळ उंच बांबू रोवायचे आणि त्याच्या टोकापासून एकेका फांदीला सुंभ बांधायचे.

“चाचा, महाडात बर्फ पडतोय काय?” रस्त्यावरून कुणीतरी हमखास विचारायचं.

“तुझ्या बापाला विचारून पडंल काय रे?”

चाचा बोटीवर खानसामा होते. इंजिन बिघडल्यामुळे त्यांची बोट जपानमधल्या कानाझावा बंदरात दोन महिने अडकली. तिथल्या एका म्हाताऱ्या माळ्याने त्यांना, बर्फाच्या ओझ्याने फांद्या मोडू नयेत म्हणून, झाडं अशी बांधायला शिकवलं. कुठेतरी दोन महिने राहून जन्मभर तिथलीच झालेली माणसं तुम्हीही पाहिली असतील.

“आपला रायगड, तशी कानाझावा राजधानी,” ते मला सांगायचे. “पण तिथल्या सरदाराची तऱ्हा निराळी. भात इतका पिकायचा, की वरच्या राज्यकर्त्याला ह्याची धास्ती. म्हणून ह्यानं तलवारी नाय वाढवल्या. सोन्याचा वर्ख ठोकणारे पोसले, चहाच्या वाट्या करणारे पोसले. दुसऱ्या महायुद्धातबी शहर शाबूत राहिलं. आन् पाऊस? जेवणाचा डबा विसर, छत्री विसरू नको, असं म्हणतात तिथं. आपलं महाडच गो!”

त्यांना एकदा परत जायचं होतं, त्या माळ्याबरोबर झाडं बांधायला. ‘बोलावणं पाठव’ असं पत्र मी इंग्रजीत लिहिलं. पत्ता माळ्याच्या हातचा, जपानीत. सावित्री नदीच्या पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा तो कागद भिजला होता. मी चित्र काढावं तशी अक्षरं उतरवली. दोन अगदीच पसरली होती, ती अंदाजाने काढली. बोलले नाही.

“हुबेहूब गो बाय!” चाचा म्हणाले.

वर्ष गेलं. मुलगा त्यांना कुवेतला घेऊन गेला. दर शुक्रवारी, नमाजानंतर, आमच्याकडे फोन यायचा.

“जवाब आला?”

“अजून नाही, चाचा.”

“येईल. त्यांचं काम सावकाश, पण पक्कं.”

एका शुक्रवारी मी धीर केला. “चाचा, तो पत्ता...”

“पत्ता बरोबर हाय गो. तू लिवलेला. म्हाताराच गेला असंल.”

मी नुसतं “हं” म्हटलं.

पुढच्या शुक्रवारी मी त्या दोन अक्षरांचं सगळं वाक्य मनात नीट जुळवून फोनजवळ बसले. दुपार कलली, ऊन ओट्यावरून उतरलं. आईने दोनदा जेवायला हाक मारली. फोन वाजला नाही, त्या शुक्रवारी नाही आणि नंतरही नाही.