काकूंच्या बोटातला सुनेला

शेजारचे काका खडे घासायचे. माणकं, पाचू हाताखालून गेले, पण जीव जडला तो पिवळ्या सुनेल्यावर. "स्वस्त असेल, पण अंगठीत बसवला की बोटावर ऊन उतरतं," म्हणायचे. महागड्या पुष्कराजाला ते 'श्रीमंताघरचा लाडोबा' म्हणत.

काम सोडताना त्यांनी शेवटचा सुनेला काकूंसाठी घासला. पैलू असे पाडले होते की बघत राहावं. अंगठी काकूंच्या बोटात चढवून त्यांनी विचारलं, "रंग कसा आहे?"

खड्याला रंगच नव्हता. तो साधा पांढरा स्फटिक होता. काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता आणि त्यांना पांढरंही पिवळं दिसत होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकूंनी माझ्याकडे डोळे वटारले.

"मधासारखा आहे," त्या काकांना म्हणाल्या. "जन्मात एकदा काहीतरी धड आणलंत."

काका त्या दिवशी गल्लीभर मिरवले. काकूंनी अंगठी शेवटपर्यंत काढली नाही.

त्या गेल्यावर मुलीनं काकांचं ऑपरेशन बळेबळेच करवलं. डोळ्याची पट्टी निघाली तशी काकांनी आधी अंगठी मागितली आणि खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिली. मला वाटलं, आता स्वतःच्या हातांना शिव्या देतील.

"भांडायला लागली की माझ्या घोरण्यापासून माझ्या आत्यापर्यंत सगळं काढायची," ते मला म्हणाले. "हे एवढं मात्र कधी काढलं नाही रे तिनं."