तिने सही केलेला अर्ज

मुखेडला तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दहा फुटांचा गाळा, आणि तोही सगळा माझा नाही. मधे प्लायवूड ठोकलेलं आहे. अलीकडे माझी मशीन, संगणक आणि कोऱ्या अर्जांचे गठ्ठे. पलीकडे बायकोची शिलाई मशीन. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिने ती अर्धी जागा मागून घेतली, आणि पाच-सहा वर्षांत लोक दुकानाचा पत्ता तिच्या कामावरून सांगायला लागले. ब्लाउजच्या फिटिंगसाठी देगलूरहून बायका यायच्या. दोन शाळांच्या गणवेशाचं काम तिच्याकडे होतं. माझ्या बाजूला गर्दी बुधवारची आणि सोमवारची, तिच्या बाजूला रोजचीच.

आजाराची सुरुवात एका लाल ब्लाउजपासून झाली. एका बाईने तो परत आणून दिला. कापड गडद लाल आणि शिवण विटक्या गुलाबी दोऱ्याची. बायकोने ब्लाउज हातात धरला आणि दारातल्या उजेडात नेला. मग एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा झाकून. उजव्या डोळ्याला लाल रंग धुवून काढल्यासारखा फिका दिसत होता. चष्मा लागला असेल असं आम्ही धरून चाललो. महिनाभरात डोळा आपोआप सुधारला आणि आम्ही विसरलो. पुढच्या दिवाळीच्या तोंडावर तिचे पाय बधिर झाले. पायाखाली मशीनचा पायटा आहे की फरशी, ते कळेना.

नांदेडच्या मेंदूच्या डॉक्टरांनी एमआरआय बघून आजाराचं नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. मला ते नाव नीट लिहायलाही दोनदा विचारावं लागलं. नसांवरचं आवरण शरीर स्वतःच खरवडतं, असं त्यांनी वायरीवरच्या प्लास्टिकचं उदाहरण देऊन समजावलं. पाच दिवस सलाईन लावली, पाय बरेचसे परत आले. मग डॉक्टर म्हणाले की आजार मुळातून जाणार नाही, पण पुन्हापुन्हा उलटू नये म्हणून आठवड्याला एक इंजेक्शन घ्यावं लागेल, आणि ते वर्षानुवर्षं. किंमत सांगताना त्यांनी आवाज खाली आणला. आमची दोघांची महिन्याची कमाई एकत्र केली तरी निम्मंसुद्धा औषध आलं नसतं.

त्यांच्याच दवाखान्यात रुग्णांना मदतीची वाट दाखवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी कागदावर लिहून दिलं: औषध कंपनीची रुग्णांसाठी योजना असते, त्यात काही भाग सुटतो, उरलेल्यासाठी धर्मादाय ट्रस्टकडे अर्ज करा, आणि आधी अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढा. मला एकदम हलकं वाटलं. अर्ज हे तर माझंच काम. वीस वर्षं लोकांचे अर्ज लिहीत आलो. निराधारचे, घरकुलाचे, फी माफीचे. कोणत्या अर्जाला कोणता कागद जोडायचा, हे मला झोपेतही सांगता येतं.

प्रमाणपत्राच्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या रांगेत नंबर आला तेव्हा खिडकीतल्या माणसाने हा आजार यादीत नाही म्हणून कागद परत केले. तो वाईट वागला नाही, त्याला खरंच माहीत नव्हतं. मी पिशवीतून अपंगत्वाच्या कायद्यातल्या यादीची प्रत काढली. त्या ओळीवर मी आधीच पिवळी रेघ मारून नेली होती. त्याने वाचलं, आत जाऊन साहेबांना दाखवलं, आणि येताना म्हणाला की ही प्रत इथं ठेवू का, पुढच्याला कामी येईल. मी म्हटलं ठेवा, माझ्याकडं मशीन हाय.

आता ट्रस्टचा अर्ज. मी एका बैठकीत टाइप केला आणि प्रिंट काढून प्लायवूडच्या पलीकडे सहीला दिला. दोन मिनिटांनी ती कागद घेऊन माझ्या बाजूला आली. बोट एका ओळीवर होतं. ‘अर्जदार ही अत्यंत गरीब, लाचार व असहाय महिला असून तिला आपणाशिवाय कोणाचाही आधार नाही.’

“हे कोण हाय?” तिने विचारलं.

मी म्हटलं, असंच लिहितात. सगळ्या अर्जात हेच असतं.

“मग तुम्ही कोण हाव?” ती म्हणाली. “आधार न्हाई म्हणून लिहिलंय. मी याच्यावर सही करणार न्हाई.”

आमचं चांगलंच वाजलं. मी म्हटलं, देणाऱ्याला असंच वाचायची सवय असते, तुझा मोठेपणा घरी ठेव. तिने कागद टेबलावर ठेवला आणि जाऊन काज करायला बसली. दुसऱ्या दिवशी मशीन बंद करून माझ्या संगणकाशेजारी स्टूल ओढलं आणि म्हणाली, मी सांगते तसं लिहा. मी लिहीत गेलो. ‘मी शिवणकाम करते. दोन शाळांच्या गणवेशाचं काम माझ्याकडे आहे. माझ्या हाताखाली चार मुली शिकून गेल्या, त्या आज स्वतःचं कमावतात. मला झालेला आजार बरा होत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं आहे. औषध मिळालं तर तो वाढणार नाही आणि मी काम करत राहीन. औषध माझ्या ऐपतीबाहेर आहे, म्हणून मदत मागते.’ खाली तिने सही केली. त्याआधी तिने वेगळ्या कागदावर दोनदा गिरवून बघितलं.

तो अर्ज मी तीन ठिकाणी पाठवला. एका ठिकाणाहून नकार आला, दुसरीकडून काहीच आलं नाही. मी तोंडाने बोललो नाही, पण माझ्या मनात होतं की बघ, मी सांगत होतो. त्याच काळात माझ्या चुलतभावाने एक गोष्ट सुचवली. मोबाइलवर व्हिडिओ करायचा, तिने खाटेवर पडून राहायचं, थोडं रडायचं, आणि तो सगळीकडे पाठवायचा. पैसे भराभर जमतात, त्याने पाहिलं होतं. खरं सांगतो, माझा होकार होता. तिने त्याला चहा दिला आणि सांगितलं की मशीनवर बसलेली असताना काढायचा असेल तर काढा, खाटेवर पडून माझ्या ऑर्डरी पूर्ण व्हायच्या नाहीत. तो पुन्हा त्या विषयावर आला नाही.

मग लातूरच्या ट्रस्टचं बोलावणं आलं. आम्ही पहाटेची एसटी धरली. औसा रोडच्या बाजूला एका साध्या इमारतीत पहिल्या मजल्यावर त्यांचं कार्यालय होतं. जिना चढताना मी हात पुढे केला. तिने कठडा धरला आणि प्रत्येक पायरीवर थांबत वर गेली. आत तीन पुरुष आणि दोन बायका बसल्या होत्या. आधी कागद तपासले, डॉक्टरांची चिठ्ठी वाचली, किती वर्षं औषध लागेल ते विचारलं. शेवटी सगळ्यात वयस्कर गृहस्थांनी अर्ज पुन्हा चाळला आणि जरा नवलाने विचारलं की यात परिस्थितीबद्दल तुम्ही काहीच कसं लिहिलं नाही.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती बोलली.

“उत्पन्नाचा दाखला मागं जोडला हाय, साहेब. गरिबी त्याच्यात हाय. अर्जात मी हाय.”

मग त्या दोन बायकांपैकी एकीने विचारलं की अजून शिवता येतं का. बायकोने आपला हात पुढे करून ब्लाउजची बाही दाखवली आणि म्हणाली, हा मागच्या महिन्यातला. त्या बाई उठून आल्या. चष्मा लावून त्यांनी बाहीच्या कडेची पायपिंग आतून-बाहेरून उलटून बघितली, दोन बोटांत धरून. परत जाऊन बसल्या आणि शेजारच्या गृहस्थांना फक्त एवढं म्हणाल्या, “हात चांगला आहे.”

मी तिथं खुर्चीत बसलो होतो आणि मला माझीच लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त अभिमान. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. या बाईच्या शेजारी रोज बसून मी तिला ‘असहाय’ टाइप केलं होतं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. कंपनीच्या योजनेतून जेवढं सुटत होतं ते सोडून उरलेलं औषध वर्षभर ट्रस्ट देणार होता, आणि डॉक्टरांचा अहवाल बघून दरवर्षी पुढे चालू ठेवणार होता. पत्र तिने दोनदा वाचलं, घडी घालून गणवेशाच्या मापांच्या वहीत ठेवलं आणि मला म्हणाली की फ्रीजमधला वरचा कप्पा मोकळा करा.

इंजेक्शन नांदेडहून बर्फाच्या डब्यातून आणावं लागतं. सुरुवातीला मीच जायचो. टोचायला शिकवताना नर्सने तिला संत्र्यावर सराव करायला सांगितलं. तिने एकच संत्रं वापरलं. सुईची भीती मला कशाला, म्हणाली. पहिले काही महिने टोचल्यावर ताप यायचा, अंग मोडून यायचं. म्हणून तिने वार ठरवला रविवारचा, सोमवारी गिऱ्हाईक अडायला नको. पायट्याची मशीन गेली आणि मोटारीची आली. लांबचं चालायचं असलं तर काठी घेते. चार वर्षांत आजार एकदाच उलटला आणि तोही थोडक्यात निभावला.

मागच्या वर्षी अहवाल द्यायला लातूरला गेलो तेव्हा ट्रस्टच्या कार्यालयाबाहेरच्या बाकड्यावर औशाची एक कॉलेजातली मुलगी आणि तिचे वडील बसले होते. आजार तोच. वडील रडत होते आणि मुलगी त्यांच्याकडे न बघता नखं कुरतडत होती. बायको जाऊन मुलीशेजारी बसली. काय शिकतेस, कोणता डोळा गेला होता, पायाला मुंग्या येतात का, असं विचारत राहिली. मी वडिलांचा अर्ज मागून घेतला आणि पेन काढलं. पण मी लिहायला लागायच्या आधीच बायकोने मान वळवून सांगितलं, “तिला विचारून लिहा.” तासभर लागला. मुलीने स्वतः सांगितलं, मी फक्त उतरवून घेतलं.

तिलाही औषध सुरू झालं. गेल्या रविवारी आम्ही जेवायला बसलो होतो तेव्हा तिचा फोन आला. पहिल्यांदा कुणाच्या मदतीशिवाय स्वतः टोचून घेतलं होतं, उजव्या मांडीत, आणि आवाजात धाप होती. बायकोने घास खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं. शाबास म्हणाली. मग पुढच्या रविवारी डाव्या मांडीत घे, एकाच जागी घेत गेलीस तर गाठ धरते, असं सांगून तिने फोन ठेवला आणि मला भाजी वाढली.