घर विकायचं, पण सोडायचं नाही

भाड्याने द्यायला म्हणून एखादं घर विकत घ्यायचं, हे आमच्याकडे मी एकटीनेच ठरवलं होतं. राहतं घर सासऱ्यांचं, त्यामुळे स्वतःची म्हणावी अशी मालमत्ता आम्हा दोघांची काहीच नव्हती. माझी निवृत्ती जवळ येत होती आणि साठवलेले पैसे एकदाच कुठेतरी लावता येणार होते. चुकलं असतं तर पुन्हा साठवायला वय उरलं नव्हतं. म्हणून मी प्रत्येक घर बघायला जाताना प्रश्न लिहून न्यायची, आणि आमचे हे सोबत येऊन मला हसायचे.

रत्नागिरीजवळ कुवारबावच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून जरा आत, एक चिऱ्याचं कौलारू घर विकायला निघालं होतं. रेल्वे स्टेशन जवळ, त्यामुळे नोकरीवाले भाडेकरू मिळण्यासारखी जागा. मालक साठी उलटलेले काका. एकटे राहायचे. त्या पैशांतून गुडघ्यांचं ऑपरेशन करून मग शहरात लेकीकडे राहायचं म्हणून घर विकत होते.

हे गेल्या गेल्या पडवीत बसले आणि म्हणाले, "अगं, वारा बघ काय सुटलाय!"

"वाऱ्याचं भाडं येत नाही," मी म्हटलं आणि विहिरीकडे गेले. मे महिना मी मुद्दाम निवडला होता. पावसाळ्यात रत्नागिरीतल्या कुठल्याही विहिरीला पाणी दिसतं. इथे मे महिन्यातही बऱ्यापैकी होतं. पुढचा प्रश्न कौलांचा.

"काका, वानरं येतात का हो?"

"येतात की. पण आपलीच आहेत ती."

"आपली म्हणजे? कौलं फोडत नाहीत?"

"फोडतात. पण फार नाही."

त्यांचं प्रत्येक उत्तर असंच. गळतं का, तर गळत नाही, फक्त ठिबकतं. वीज जाते का, तर जाते, पण येतेसुद्धा. यांना प्रत्येक उत्तरावर हसू फुटत होतं आणि माझं डोकं तापत होतं. तरीही घर चांगलं होतं, हे कबूल करायला हवं. वकिलाने कागद तपासले. वडिलांनी हयातीतच घर काकांच्या नावावर केलेलं, सातबारावर त्यांचं एकट्याचंच नाव. आमच्याकडे जमिनीच्या तुकड्यावर अर्ध्या गावाची नावं असतात, तिथे हे म्हणजे नवलच. मी मनातल्या मनात घर घेऊन टाकलं.

टोकन किती द्यायचं ते ठरवायला पुन्हा गेलो. काकांनी कोकम सरबत दिलं. बोलणं छान चाललेलं असताना ते सहज म्हणाले, "आणि गणपतीत आम्ही येऊच."

"या ना," मी म्हटलं. मला वाटलं, दर्शनाला.

"आमचे मुंबईचे तिघेही भाऊ येतात, बायकापोरांसकट. माजघरात झोपतात, मुलं पडवीत. गौरी गेल्या की आम्ही पण गेलो."

मी पेला खाली ठेवला. "काका, इथे भाडेकरू असतील."

"असू देत की. गणपतीत भाडेकरू इथे कशाला थांबेल? तो त्याच्या गावाला जाणार!"

"त्याचं सामान असेल. त्याच्या घरात तुम्ही कसे राहाल?"

"सामानाला आम्ही हात लावणार नाही," काका दुखावल्यासारखे म्हणाले. "मूर्ती ह्याच खोलीत बसते, आमच्या आज्यापासून. ती कुठे हलवू?"

"बरोबर आहे त्यांचं," हे म्हणाले. "आपण तरी गणपतीत कुठे असतो? गावालाच जातो ना?"

"अहो, तुम्ही कोणाच्या बाजूचे आहात?"

मी काकांना शांतपणे विचारलं, "तुम्हाला घर विकायचंय ना?"

"विकायचंय हो, नक्की विकायचंय. पण सोडायचंय असं कुठे म्हटलं मी?"

गणपती एखाद्या भावाकडे नेता येईल का ते आत्ताच विचारा, मी म्हटलं. सुटका व्हावी एवढीच इच्छा होती. काकांनी धाकट्याला फोन लावला आणि ऐकू येत नाही म्हणून स्पीकरवर ठेवला. माझ्याकडे घर घ्यायला माणसं आलीत, त्यांना गणपतीची जरा अडचण वाटते, असं त्यांनी सांगितलं.

"घर घ्यायला? भाड्याने ना?"

"नाही रे. विकत."

पलीकडचा आवाज पार अंगणापर्यंत ऐकू गेला. "दादा, तू घर विकतोयस आणि आम्हाला माहीत नाही? माझी ट्रेनची तिकिटं काढून झाली! कोण आहेत ती माणसं?"

काकांनी फोन माझ्यासमोर धरला. "तुम्हीच सांगा त्याला, वहिनी."

"मी फक्त घर बघायला आलेय," मी म्हटलं.

"बघून झालं असेल तर निघा बाई तुम्ही," फोनमधून आलं.

आम्ही निघालो. सही एकाचीच लागत होती, कायद्याने काहीच अडत नव्हतं. पण दर भाद्रपदात माझ्या भाडेकरूच्या दारात चाकरमान्यांची गाडी उभी राहणार, आणि ते सगळे मला घर बळकावलेली बाई म्हणणार. असं घर घेऊन मी कोणाकोणाशी भांडत बसू? स्कूटरवर हे म्हणाले, "घर छान होतं गं."

पुढे काकांचाच फोन आला. भाऊ येऊन भांडले, रडले, आणि ऑपरेशनचा खर्च तिघांनी वाटून घेतला. घर विकायचं रद्द. "तुम्ही फोन लावायला लावलात म्हणून हे झालं," काका खुशीत म्हणाले. "गणपतीत जेवायला या दोघं."

म्हणजे माझ्या धावपळीने त्यांचं घर वाचलं आणि मला मिळालं जेवणाचं आमंत्रण. यांनी लगेच येतो म्हणून कळवूनही टाकलं.

मी मात्र शोध थांबवला नाही. गेल्या आठवड्यात शहरातल्या एका ब्लॉकची जाहिरात पाहिली. मालक दुबईला, पहिला मजला, पाणी नळाचं. मी फोन केला, आणि पाणी, रस्ता, कागद यांच्या आधी विचारलं, "तुम्ही हा ब्लॉक विकताय, हे घरात बाकी सगळ्यांना माहीत आहे ना?"

ते म्हणाले, "अम्मीला अजून सांगितलेलं नाही."